खिडकीला लावलेला छातीचा फोटो

त्या सकाळी मी आंबील ढवळत होते. ज्वारीची आंबील एकदा तळाला लागली की दिवसभर घराला करपट वास राहतो, म्हणून हात थांबवता येत नाही. नवरा शाळेच्या घाईत एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता, आणि थातो, माझी थोरली, जिच्यावरून गाव मला माथातो म्हणतं, कुत्र्याने तो कुठे नेला असेल याचे अंदाज त्याला बसल्या जागेवरून सांगत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. तीन बारीक ठोके, जरा थांबून एक जोराचा.

आमच्या हा-सेकोती गावात दार कोणी वाजवत नाही. बाहेरून 'कोको' अशी हाक द्यायची आणि आतून ओ येईपर्यंत उभं राहायचं. वाजवणारी एकच बाई होती, मापुलेंग. पाट्याला टाकी लावून लावून तिचा हात दारावरही तसाच पडायचा. "उघड बाई लवकर," नवरा एका बुटावर म्हणाला, "नाहीतर दाराला टाके पडायचे."

ती आत आली. कांबळं खांद्यावर पिनेने आवळलेलं, आणि कांबळ्याच्या आत, लहान मूल धरावं तसं, एक मोठं तपकिरी पाकीट. सीमेपलीकडच्या शहरातल्या इस्पितळाचं. मी हात पुढे केला तर तिने पाकीट दिलं नाही, चुलीपाशी बसली.

"आधी आंबील वाढ," ती म्हणाली. "वाईट बातमी उपाशीपोटी ऐकू नये, असं माझी सासू म्हणायची. तिला अनुभव होता. बातम्या तीच आणायची."

मी वाडगा भरून दिला. पहिला घोट तिने जिभेवर घोळवला आणि माझ्याकडे बघितलं. "पीठ जाड येतंय तुझं, माथातो. पाटा गुळगुळीत झालाय. उद्या येते टाकी घेऊन." मग सगळी आंबील संपवली, वाडग्याला बोट फिरवून चाटलं, आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं.

मी कॉलेजला गेले होते, म्हणून गावातली इस्पितळाची इंग्रजी पत्रं माझ्याच स्वयंपाकघरात वाचली जातात. कुणाला साखर आहे, कुणाला दिवस गेलेत, हे त्यांच्या नवऱ्यांच्या आधी मला कळतं. ते पत्र मी दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा, जणू वाचून वाचून शब्द बदलतील. डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची, हे आम्हाला आधीच कळलं होतं. ती काढायची तारीख येईल म्हणून आम्ही वाट बघत होतो. पत्रात लिहिलं होतं की छातीच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात पुष्कळ बारीक गाठी दिसल्या. कॅन्सर फुप्फुसांत पसरलेला आहे. आता स्तन काढण्यात अर्थ नाही. रोज एक गोळी घ्यावी, दुखलं तर जवळच्या दवाखान्यात जावं.

"पसरलाय म्हणतात, म्मे," मी म्हणाले. वयाने मोठ्या बाईला आम्ही म्मे म्हणतो, आईसारखं. "फुप्फुसात."

"म्हणजे कापणार नाहीत?"

"नाही."

ती उठली, वाडगा स्वतः विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "बरं. म्हणजे परत त्या बसमध्ये ओकायला नको." दुसऱ्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे टाकी घेऊन आली आणि माझा पाटा नीट करून गेली. मला वाटलं होतं, येणार नाही.

मापुलेंगचं ते काम गावाला इतकं अंगवळणी पडलं होतं की ते कुणाला काम वाटतच नसे. गावात पिठाची गिरणी आहे, मका तिथेच जातो. पण मोड आणून वाळवलेली ज्वारी, बिअरसाठीची आणि आंबिलीची, गिरणीत दळली तर लोखंडाची चव येते असं आमच्या बायकांचं ठाम म्हणणं आहे. त्यामुळे घरोघरी अजून दगडाचा पाटा. ते दगड टेकडीच्या पलीकडल्या अंगाला मिळतात, पिवळट, वाळूचे. ते उतरवून आणायचे, बसके करायचे, आणि मग टाकीने सगळ्या अंगावर बारीक टाके पाडायचे. महिन्या-दोन महिन्यांनी पाटा पुन्हा गुळगुळीत होतो, पुन्हा टाकी. मापुलेंग हे आईकडून शिकली ती नऊ वर्षांची असताना. तिची पहिली टाकी म्हणजे एक काळा कठीण दगडच होता. लग्नानंतर नवरा मोएकेत्सी पहिल्यांदा खाणीतून सुट्टीवर आला तेव्हा त्याने तिला दगड फोडायच्या यंत्राचं मोडकं पोलादी टोक आणून दिलं. दुसऱ्या बायकांना कांबळी मिळाली, आरसे मिळाले. "मला हत्यार मिळालं," ती सांगायची, "म्हणजे माणूस ओळखून होता."

हिवाळ्यात आमच्याकडे वारा असा सुटतो की अंगणात बसणं होत नाही. ती झोपडीचं दार लावून आत बसायची. एका बाजूला चूल, मांडीपुढे पाटा, आणि ठक ठक ठक. पाच-सहा ठोके झाले की वाकून फुंकर मारायची, म्हणजे टाका किती खोल गेला ते दिसतं. पिवळी धूळ वर उठायची आणि चुलीच्या उजेडात तरंगत राहायची. मी तिच्याकडे गेले की ती कांबळ्याच्या टोकाने माझा चहाचा कप झाकायची. स्वतःचं तोंड कधी झाकलं नाही. टाकीचे घाव दगड सोसत होता. धूळ कोण सोसतंय, हे बघायचं आम्हाला सुचलं नाही.

तिकडे मोएकेत्सी बावीस वर्षं जमिनीखाली होता. तिथे धूळ बसावी म्हणून दगडावर पाणी मारतात, तोंडाला मुसकं देतात, दर वर्षी छातीचा फोटो काढतात. शेवटी तो खोकत घरी आला तेव्हा क्षय निघाला. मग दवाखान्याने घरातल्या सगळ्यांना बोलावून छातीचे फोटो काढले, थुंकी तपासली. मापुलेंगच्या थुंकीत काही निघालं नाही. क्षय नाही म्हटल्यावर तो फोटो तिच्याच हातात देऊन घरी पाठवलं. त्याच उन्हाळ्यात गारा पडल्या आणि तिच्या खिडकीची काच फुटली. नवी काच शहरातून आणायची म्हणजे वाटेतच फुटायची. तिने तो फोटो कणकेच्या खळीने चौकटीला चिकटवला. सकाळचं ऊन आलं की तिच्या बरगड्या खोलीत जमिनीवर पडायच्या. पोरं त्यांच्यावरून उड्या मारायची.

आता त्या पत्राच्या आधीच्या महिन्याचं सांगायला हवं, कारण त्यात मी आहे. स्कॅनसाठी सीमेपलीकडे मीच तिच्याबरोबर गेले होते. तिथे बाकावर बसून फॉर्म भरायचा होता. नाव, गाव, वय, काम. कामाच्या रकान्याशी आले तेव्हा मी तिला विचारलंही नाही. 'गृहिणी' असं लिहून टाकलं. माझ्या नावापुढे मी आयुष्यभर तेच लिहीत आले आहे. हात आपोआप वळला. इस्पितळात तिला दिलेल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावरही मग तोच शब्द उतरला. आत डॉक्टरांनी नर्सकडून विचारलं, कधी क्षय झाला होता का. नाही. तंबाखू. नाही. खाणीत काम. मापुलेंग हसली, "खाणीत नवरा होता, बाई. मी वर होते." नर्सही हसली. संपलं.

पत्र आलं आणि गावाने तिला मरणाच्या वाटेवर बसवून टाकलं. आम्ही वाईट लोक नाही. उलट, ज्याला जायचं आहे त्याला आम्ही एकटं सोडत नाही, आणि हेच तिच्या नशिबी आलं. चर्चच्या बायका दर गुरुवारी येऊन तिच्या उशाशी गायच्या. तिसऱ्या गुरुवारी ती उठून बसली आणि म्हणाली की खालचा सूर लावणारीने जरा ऐकून लावावा, नाहीतर जाता जाता हाच कानात राहील. त्या बायका महिनाभर आल्या नाहीत. मोएकेत्सीने एक तांबडा बैल बाजूला काढला. आमच्यात माणूस गेलं की जनावर कापतात, आणि ते ऐन वेळी शोधायला लागू नये. त्या बैलाला नांगराला जुंपायचं नाही असं ठरलं. राजधानीतल्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर असलेली त्यांची मुलगी पुलेंग नोकरी सोडून आईच्या शेवटच्या दिवसांसाठी घरी आली. आई घरात नव्हती. दगड आणायला टेकडीवर गेली होती.

शेवटचे दिवस संपेनात. पहिला हिवाळा गेला, पेरण्या झाल्या, ज्वारी कापली, दुसरा हिवाळा आला. मापुलेंगला पूर्वी होता तेवढाच खोकला होता. टेकडी ती पूर्वीसारखीच चढत होती. लोकांना जरा अवघडल्यासारखं झालं. विहिरीवर एकीने मला हळूच विचारलं की ते पत्र मी नीट वाचलं होतं ना. मी चिडले. मी नीट वाचलं होतं, तेच तर.

"तो बैल माझ्याकडे असा बघतो," मापुलेंग एकदा मला म्हणाली, "जणू मी त्याला फसवलंय. दात पडले बिचाऱ्याचे. लाज वाटते मला त्याच्यासमोरून जायची."

गाठ मात्र बसून नव्हती. गोळ्यांनी वर्षभर जरा दबली, मग वाढू लागली. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्यावरची कातडी लाल झाली, मग उकलली. जखमेला वास यायला लागला तशी ती कांबळं उन्हाळ्यातही काढेना. आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी पुस्तिका उघडून 'फुप्फुसात पसरलेला' हे शब्द बघितले आणि मलमपट्टी दिली. त्या दोन शब्दांपुढे कुणी जातच नव्हतं. जखम दिसत होती, हाताला लागत होती, कापून काढता येण्यासारखी होती, आणि ती तशीच ठेवायची होती, कारण आत कुठेतरी न दिसणारं काही होतं. घरी आईला सांभाळायला आलेली पुलेंग करणार तरी काय. आईचा डावा हात दुखतो म्हणून तीच टाकी मारायला लागली. दार लावून, फुंकर मारून.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी जुन्या खाणकामगारांच्या छात्या तपासायला एक गाडी आली. शाळेच्या मैदानात उभी राहिली, आत फोटो काढायचं यंत्र, बाहेर ताडपत्रीखाली टेबल. मोएकेत्सीला बोलावणं होतं. कागद वाचायला मी गेले, आणि त्याची पिशवी उचलायला मापुलेंग. आमच्याकडे इस्पितळाचे कागद अंगावरच्या कांबळ्यासारखे. कुठेही जा, सगळे बरोबर. म्हणून पिशवीत तिचं स्कॅनही होतं.

टेबलावर डॉक्टर फाकिसी होते. पांढरे केस, चष्मा दोऱ्याने गळ्यात, स्वतः खाणकामगाराचा मुलगा. त्यांनी मोएकेत्सीचा फोटो बघितला, धूळ आहे तेवढीच आहे म्हणाले. मग त्यांचं लक्ष मापुलेंगकडे गेलं. मोएकेत्सी धापा टाकत खुर्चीवर बसला होता आणि ती पिशवी घेऊन ताठ उभी होती.

"आजारी कोण आहे, म्मे? तुम्ही की हे?"

"हे खाणीतले, म्हणून यांची तपासणी," ती म्हणाली. "मी मरतेय. ते वेगळं."

त्यांनी विचारलं कशाने, आणि मी सांगितलं. त्यांनी स्कॅन मागितलं. फिल्म दोन्ही हातांनी उन्हाकडे धरली आणि इतका वेळ बघत राहिले की रांगेतले लोक कुजबुजू लागले. हे कधीचं, त्यांनी विचारलं. दोन वर्षं आणि चार महिने. वजन उतरलं का. नाही. टेकडी चढता का.

"माझ्या आधी चढते," मोएकेत्सी म्हणाला, "आणि वरून शिव्या देते."

डॉक्टर हसले नाहीत. "तुम्ही कधी दगडाचं काम केलंय, म्मे?"

तिने माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, माझ्याही तोंडात 'नाही' आलं होतं. "काम असं नाही," ती म्हणाली. "पाट्यांना टाकी लावते. घरातलंच."

"कधीपासून?"

"नऊ वर्षांची होते."

त्यांनी फिल्म खाली ठेवली, चष्मा काढला, डोळे चोळले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी नीट लक्षात ठेवलंय. ते म्हणाले, ज्याला कॅन्सर आहे त्याच्या छातीत ठिपका दिसला की बघणाऱ्याचा डोळा आधी कॅन्सरच वाचतो. बहुतेक वेळा बरोबर वाचतो, म्हणून तर सवय लागते. पण जुन्या क्षयाचा वण असतो, धूर असतो, दगडाची धूळ असते. सगळ्यांचे ठिपके पडतात. "हे ठिपके वर आहेत, दोन्हीकडे सारखे आहेत, सगळे बारीक आहेत. खाणीतून आलेल्या माणसाचे असते तर मी बघताक्षणी धूळ म्हणालो असतो. पण माझी खात्री नाही, म्मे. सुई घालून तुकडा काढल्याशिवाय कोणाचीच खात्री होणार नाही. कॅन्सरच्या आधीचा एखादा फोटो असता तर निदान जोर देऊन सांगता आलं असतं. आहे का?"

आम्ही दोघी नाही म्हणालो.

"आहे की," मोएकेत्सी म्हणाला. "खिडकीला."

मी पळत गेले. त्या फोटोसमोर बसून मी किती वर्षं चहा प्यायले होते. चौकटीच्या कडेला खळ दगडासारखी वाळली होती, पुलेंगने टाकीच्या टोकाने ती सोडवली. फोटो निघाला आणि भोकातून वारा घरात शिरला. फिल्म उन्हाने पिवळी पडली होती, एका कोपऱ्यावर माश्यांनी घाण केली होती. डॉक्टरांनी ती ओल्या फडक्याने पुसली आणि स्कॅनच्या शेजारी उन्हात धरली. आम्हालाच बघायला लावलं. बघायला शिक्षण लागत नव्हतं. तेच चिमूटभर दाणे, त्याच जागी, अकरा वर्षांपूर्वी.

"कॅन्सर अकरा वर्षं एका जागी वाट बघत बसत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं, आणि लिहिताना दोनदा माझ्याकडून टाकीचं काम कसं करतात ते विचारून घेतलं. तेवढं कोणी आजवर विचारलं नव्हतं.

परत येताना मोएकेत्सी टेकडीवर थांबला आणि म्हणाला, त्या बैलाला आता नांगराला जुंपतो. मापुलेंग म्हणाली, आधी त्याला दात आण. पण ती हसत होती, आणि घरी पोचेपर्यंत तिने एकदाही छातीवर हात ठेवला नाही. त्या संध्याकाळी तिने पुलेंगच्या नाकातोंडाला फडकं बांधलं, गाठ इतकी घट्ट मारली की पोरगी ओरडली.

तारीख मिळायला सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत तिची पाठ दुखायला लागली. दगड उचलून दुखत असेल, आम्ही म्हटलं. सगळ्यांनाच तसं म्हणायचं होतं.

शहरात या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती, आणि भाषांतराला नर्स. दोन्ही फोटो तिने नीट बघितले. छातीत सुई घातली, पोटाचं आणि हाडांचंही स्कॅन केलं. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. खोलीत तिने खुर्ची पुढे ओढली, आणि मला तेव्हाच कळलं. चांगलं सांगायचं असतं तेव्हा कोणी खुर्ची पुढे ओढत नाही. फुप्फुसातल्या तुकड्यात दगडाची धूळ निघाली आणि तिच्याभोवतीचे वण. कॅन्सर नाही. तेव्हाही नव्हता, बहुधा. मग तिने दुसरा कागद उचलला. पाठीच्या मणक्यात आहे, यकृतात आहे. आता स्तन काढण्यात अर्थ नाही.

पहिल्या वेळी ते खोटं होतं, या वेळी खरं होतं. वाक्य तेच.

मापुलेंगने नर्सला थांबवलं आणि तिच्याकडून विचारून घेतलं, "तेव्हा कापलं असतं का, हे आधी कळतं तर?"

डॉक्टरणीने कागद खाली ठेवला. "कापलं असतं."

"मग?"

"मग काय झालं असतं ते शपथेवर सांगता येत नाही. पण तेवढ्या गाठीच्या पुष्कळ बायका जगतात." मग ती म्हणाली की तेव्हाचा फोटो कोणीही तसाच वाचला असता. ती वाईट बाई नव्हती, खरंच बोलत होती. तेच जास्त लागलं.

बसमध्ये मापुलेंग खिडकीशी बसली. बराच वेळ गेल्यावर मी तिला सांगितलं की फॉर्मवर तो शब्द मी लिहिला होता. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. तिने तसं म्हटलं नाही.

"तू लिहिलास," ती म्हणाली, "मी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. तिघांनी मिळून केलं. माझा नवरा खाली गेला तर त्याच्या छातीचा हिशेब ठेवायला गाडी येते. मी घरात बसले होते ना." 

खिडकीला आता पुठ्ठा आहे. फोटो इस्पितळाने ठेवून घेतला, शिकणाऱ्या मुलांना दाखवायला. त्या खोलीत सकाळी ऊन येत नाही.

काल सकाळी मी आंबील ढवळत असताना दारावर ठोका पडला. एकच, आणि इतका हलका की नवऱ्याला ऐकूही आला नाही. पुलेंगच्या खांद्याचा आधार घेऊन ती उभी होती. डावा हात सुजून मांडीसारखा झालेला. तिने आंबील नको म्हटलं. पुलेंगच्या अंगाला दगडाचा वास येत होता. फडकं गळ्यात लोंबत होतं, तोंडावर नव्हतं. मापुलेंगने ते वर ओढून बांधायला सांगितलं, आणि पुलेंग म्हणाली, आई, आत्ता कुठे धूळ आहे. मला वाटलं, जखमेसाठी काही हवं असेल, किंवा पाठीच्या गोळ्या संपल्या असतील.

तिने कांबळ्यातून इस्पितळाची पुस्तिका काढली. कोपरे झिजलेले, पहिलं पान सुटं झालेलं. ती माझ्यापुढे ठेवली आणि पेन आण म्हणाली.

"कामाच्या पुढे काय लिहिलंयस?"

"गृहिणी."

"ते खोड. तिथे लिही की ही बाई चव्वेचाळीस वर्षं पाट्यांना टाकी लावत होती."